आधी टाच

एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ,
तेव्हा भरती. त्यात सव्वासहा मिळवले
की अडीचला भाट्ये खाडीचा तळ उघडा.
रुकय्या सोलकरनं हे बोटांच्या पेरांवर केलं,
माझ्या नऊ मुलांनी मोबाईलवर पडताळलं.
पाच मिनिटांचा फरक निघाला.
मुलं जरा गप्प झाली.

पनवेलच्या चौदा-चौदा मजल्यांवरून आणली होती त्यांना.
माझ्या फायलीत सगळं होतं:
परीक्षेच्या आदल्या रात्री कोण ओकतं,
वर्गात नाव पुकारलं की कुणाचे हात गार पडतात.
निहार गोठणकर, वय चौदा, जूनपासून शाळा नाही.
कारण म्हणून त्यानं लिहिलं होतं,
'फळ्यापाशी चुकलो.'
खाली सात ओळी रिकाम्या.

रुकय्यानं फाईल मागितली नाही.
तिनं विचारलं, 'चपला कुणाकुणाच्या नव्या?'

तिसऱ्या वेचायला उतरलो,
आणि पंधराव्या पावलाला निहार अडकला.
घोटा, मग पोटरी.
त्यानं जोर लावला, खाडीनंही लावला.
दुसरा पायही गेला.
तो रडला, मोठ्यानं,
नुकत्याच फुटलेल्या घोगऱ्या आवाजात,
आणि माझ्या पिशवीत
त्याच्या आईचा फोन वाजत राहिला,
सकाळपासूनचा सातवा.

माझा हात पुढे गेलाच होता.
रुकय्यानं मनगट पकडलं.
'ओढशील तर खांदा निखळेल पोराचा,
पाय तिथंच राहील.'
मग त्याला, बांगड्याचा भाव सांगावा तसं:
'खेचू नको. खेचणाऱ्याला चिखल खेचतो.
बस खाली. हो, बसच. चड्डी धुता येते.
आता मागे रेल. टाच हलव.
आधी टाच. बोटं येतात मागनं.'

किती वेळ गेला, नाही सांगता येणार.
मी एरवी शिकवते, दहापर्यंत मोजा, श्वास सोडा.
मी घेतलेलाच सोडला नव्हता.
समोर एक बगळा दोनदा उडाला,
दोनदा तिथंच येऊन बसला.
मुलांतली मिथिला, जी कुणाशी बोलत नाही,
चालत गेली आणि निहारच्या शेजारी
धपकन चिखलात बसली.
सांत्वन वगैरे काही नाही.
'गार आहे,' एवढंच म्हणाली.

मग चिखलानं तो आवाज केला,
जो वर्गात कुणाकडून झाला
तर महिनाभर चिडवतात.
आधी निहारच हसला.

पाय सुटला, चप्पल आत राहिली.
ती शोधायला त्यानं कोपरापर्यंत हात घातला,
चाचपला, तोंड वेडंवाकडं केलं,
बाहेर काढला तेव्हा मुठीत
तीन तिसऱ्या होत्या.
चप्पल अजून खाडीत आहे.

परतताना तो पुन्हा रुतला.
कुणी काही म्हणायच्या आत बसला,
वैतागून, शिवी देऊन,
पण बसला.

एसटीत माझ्या मनगटावर
चार बोटांचा चिखल वाळत होता.
पनवेल येईपर्यंत मी तो धुतला नाही.

लोक विचारतात, मग गेला का तो शाळेत?
सोमवारी नाही गेला.
मंगळवारी फाटकापर्यंत गेला आणि परतला.
बुधवारी फाटकाशी पाऊण तास उभा होता,
दप्तर पाठीवर, वॉचमनशी क्रिकेटवर बोलत.
रात्री त्याच्या आईचा फोन आला.
'उद्या मी हाताला धरून आत नेऊ का?
दोनच पावलं उरलीत हो.'

मी डाव्या हातानं
माझं उजवं मनगट घट्ट धरलं
आणि म्हटलं,
नका. रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहा.
त्याला दिसाल अशा.